चाल कोणाची?

नील गो (१७२७–१८०७) हा स्कॉटलंडमधल्या पर्थशायरचा नामांकित फिडलवादक. मूळचा विणकर, पुढे ड्यूक ऑफ अथॉलचा आश्रय मिळाला. १७८४पासून त्याचे संग्रह छापले गेले. पण त्याच्या नावावरच्या कित्येक चाली जुन्या होत्या, किंवा दुसऱ्यांच्या. मग तो चोर ठरतो का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. इतरांचा ओपन सोर्स कोड रोज वापरतो. एमआयटी लायसन्स तो विकूही देतं, फक्त मूळ कर्त्याचं नाव पुसू देत नाही.

नाचाच्या रात्री ऐकून उचललेली चाल सगळ्यांचीच. कुणी उचललीच नसती, तर ती विसरली गेली असती. पण छापून विकली की नावाला किंमत येते. म्हणून मला दोष चाल घेण्यात दिसत नाही, स्वतःचं नाव घालण्यात दिसतो. कर्ता माहीत नसेल, तर ‘जुनी चाल’ एवढं लिहिलं तरी पुरे होतं.