दुसरे घर घेण्यापूर्वी

आखाती देशात आठ-दहा वर्षे राबून परतलेला, किंवा दुकानाच्या गल्ल्यातून थोडे थोडे बाजूला टाकत दहा-बारा लाखांची पुंजी जमवलेला माणूस आमच्या पापडीत हमखास एक प्रश्न विचारतो : दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर चालेल का? उत्तर एका शब्दात देता येते. चालेल. घर भाड्याने देणे, ज्याला फिकहमध्ये इजारा म्हणतात, सर्व इमामांच्या मते वैध आहे. पैसा तिजोरीत साठवून ठेवण्यापेक्षा तो कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर होऊन राहावा, हे तर अधिक चांगले.

परंतु प्रिय वाचक, विचारणाऱ्याच्या मनात बहुधा फक्त बँकेच्या व्याजाचा प्रश्न असतो. व्याज निषिद्ध आहे, हे त्याला ठाऊकच आहे. त्याला एखादी पळवाट हवी असते. म्हणून आधी साधा हिशेब मांडू. समजा, फ्लॅट तीस लाखांचा आहे आणि भाडे महिना आठ हजार. भाडेकरू बदलताना घर रिकामे राहते, म्हणून वर्षाला दहाच महिन्यांचे भाडे धरा : ऐंशी हजार. सोसायटीचा देखभाल खर्च महिना दीड हजार धरला तर अठरा हजार गेले. घरपट्टी, रंगरंगोटी आणि गळती वेगळी. हाती पन्नास-पंचावन्न हजार उरतात, म्हणजे शेकडा दोनही नाही. आता हेच तीस लाख साडेआठ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असतील, तर पहिल्या वर्षाचे व्याजच अडीच लाखांच्या वर जाते. भाडेकरू तुमचे कर्ज फेडत नाही. तुमचा पगार फेडतो, आणि तुम्ही भाव वाढण्याची वाट पाहत बसता. ज्यांना शरीअतचा आदेश जड वाटतो, त्यांनी निदान हा हिशेब कागदावर करून पाहावा. पुंजी अपुरी असेल तर दोन-तीन नातेवाइकांनी मिळून घर घ्यावे, प्रत्येकाचा हिस्सा लिहून ठेवावा आणि भाडे त्या हिश्श्याने वाटून घ्यावे. देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकरात आहे. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणारे भाऊच पुढे न्यायालयात भेटतात.

व्याजाइतकीच गंभीर, पण क्वचितच विचारली जाणारी बाब आहे ती स्वस्त घराची. वसई-विरारमध्ये घर स्वस्त मिळते, तेव्हा ते का स्वस्त आहे, हे विचारणे खरेदीदाराचे कर्तव्य आहे. नालासोपाऱ्यातील अग्रवाल नगरी आणि वसंत नगरी परिसरातल्या ४१ इमारती आठवा. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या प्रारंभापर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे मरण पावली.

येथे एक युक्तिवाद ऐकू येतो आणि तो निव्वळ लबाडीचा नाही. या इमारती नसत्या तर गरिबाने राहायचे कुठे? मुंबईने ज्यांना कामाला बोलावले पण घर दिले नाही, त्यांना याच चाळींनी आणि याच बिनपरवाना मजल्यांनी आसरा दिला, हे खरे आहे. अनेक मशिदींचे नमाजीही तिथेच राहतात. मग तिथे घर घेणारा दोषी कसा?

याचे उत्तर शोधताना आपल्या फुकहांनी घालून दिलेला एक भेद उपयोगी पडतो. गरज निषिद्ध गोष्टीलाही सवलत देते, पण ती सवलत गरजेच्या मापाचीच असते. पोटच्या लेकरांना घेऊन ज्याला राहायचे आहे आणि ज्याची ऐपत तेवढीच आहे, तो लाचार आहे. त्याचा न्याय करण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. परंतु ज्याचे स्वतःचे पक्के घर आहे आणि जो शिल्लक पैसा गुंतवायला निघाला आहे, त्याला कोणती लाचारी? तो स्वस्त फ्लॅट घेतो, स्वतः पापडीत सुरक्षित झोपतो आणि धोक्याखाली भाडेकरूला झोपवतो. इमारत पडली तर मालकाचे पैसे जातील. भाडेकरूची मुले जातील. एकाच कृत्याचा हुकूम करणाऱ्याच्या स्थितीनुसार बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला आपल्या तालुक्यात दिसत नाही. माझे मत असे, की गुंतवणूक म्हणून अनधिकृत घर घेणे वैध नाही, मग भाडे कितीही कमी आकारा. आणि जमीन दुसऱ्याची किंवा सार्वजनिक कामाची असेल, तर वीतभर जमीन बळकावणाऱ्याविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेला सात थरांच्या जोखडाचा इशारा हदीसमध्ये वाचून घ्या.

म्हणून तपास करा आणि दलालाच्या शब्दावर विसंबू नका. सातबारा, बिनशेती आदेश, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स प्रती पाहून समाधान मानू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती कागदपत्रे खरी आहेत का, ते विचारा. महारेराचा क्रमांक आवश्यक आहे, पण तोही पुरेसा नाही : डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींनी बनावट कागदांवर तोच क्रमांक मिळवला होता. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. अधिक मागणाऱ्याकडून उठून यावे.

आणि घर जुलैत पाहा. जुलै २०१८ मध्ये वसईची काय दशा झाली, ते ज्यांनी पाहिले ते फेब्रुवारीत तळमजल्याचा सौदा करणार नाहीत. उलट, तुम्ही विकणारे असाल तर ते पाणी कुठवर चढते हे सांगणे तुमच्यावर बंधनकारक आहे. बाजारातील धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा प्रेषितांनी (स.) बाहेर काढला होता, तो ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे विक्रेत्याला विचारले होते. ताज्या रंगाखाली झाकलेली ओल ही तीच रास आहे.

बुकिंग करून ताबा मिळण्यापूर्वीच नफ्याने विकण्याचा उद्योग काही तरुण करतात. शाफई मजहबात ताब्यापूर्वीची विक्री जमीन-घरालाही लागू होऊन अवैध ठरते, इमाम अबू हनीफा (र.) स्थावर मालमत्तेला सवलत देतात, पण जे घर अजून बांधलेच नाही त्याला ती कशी लागू होईल? आमच्याकडे कोकणी शाफई आणि उत्तरेकडून आलेले हनफी एकाच सफमध्ये उभे असतात. या बाबतीत दोघांनीही दूर राहावे.

आता ‘हेवी डिपॉझिट’. भाडेकरूने चार-पाच लाख द्यायचे, भाडे काही नाही किंवा नावापुरते, आणि घर सोडताना पूर्ण रक्कम परत. दोन्ही बाजू खूश असतात, म्हणून यात वावगे काय, असे वाटते. पण नीट पाहा : मालकाने ती रक्कम वापरली, म्हणजे ते कर्ज झाले, आणि कर्ज देणाऱ्याला त्या बदल्यात फुकट घर वापरायला मिळाले. अट घालून कर्जावर मिळवलेला लाभ म्हणजे व्याजच, मग ते नोटांत मोजा की खोल्यांत. नावापुरते हजार रुपये भाडे लावल्याने नाव बदलते, व्यवहार नाही. शिवाय मालक त्या रकमेतून तिसरे घर बुक करतो आणि मुदत संपली, की नव्या भाडेकरूचे पैसे जुन्याला देण्यासाठी धावतो. नवा मिळाला नाही तर एक कुटुंब सामान बांधून, आपल्याच पैशांसाठी दारात उभे राहते. त्याऐवजी चालू दराने भाडे घ्या, दोन-तीन महिन्यांची अनामत घ्या आणि ती खर्च न करता अमानत म्हणून बाजूला ठेवा. करार नोंदवा, राज्याचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाही ते बंधनकारक करतो.

भाडेकरू निवडतानाची एक गोष्ट, ओघात आली म्हणून. नाव ऐकताच आपल्याला घर नाकारले जाते, ही आपली तक्रार रास्त आहे. मग ‘बाहेरच्यांना देणे नाही’ अशी पाटी आपल्याच इमारतींतून कशी लागते?

जकातीचा प्रश्न दरवर्षी रमजानमध्ये येतो, तो येथेच संपवू. भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून उरलेली शिल्लक तुमच्या इतर रकमेत मिळवून तिच्यावर शेकडा अडीच. परंतु विकण्याच्या उद्देशानेच घेतलेले घर व्यापारी माल ठरते, आणि त्याच्या त्या दिवशीच्या बाजारभावावर दरवर्षी जकात द्यावी लागते. कुलूप लावून भावाची वाट पाहणाऱ्याने तीस लाखांवर दरसाल पंचाहत्तर हजार काढून ठेवावेत. घेताना उद्देश काय होता, हे खरेदीच्या दिवशीच वहीत लिहून ठेवले, तर पुढे वाद उरत नाही.