बादलीतला वास आणि सुनीत





वर्षावास सुरू आहे. इकडे ब्रिटनमध्ये हे दिवस बागेचे. आमच्या घरामागे टोमॅटो आणि मेथी लावली आहे. कोपऱ्यात झाकणाची एक बादली आहे. तिच्यात नेटल, म्हणजे अंगाला लागताच आग करणारे इथले रानगवत, पाण्यात कुजत असते. वास असा की शेजारी खिडकी लावून घेतात.

मागच्या रविवारी विहारातली दोन कुटुंबे जेवायला येणार होती. मुलगी नाक दाबून म्हणाली, "पप्पा, छी! कोणी पाहिलं तर?" खरे सांगतो, तिच्या आधी मीच बादली शेडमागे लपवली होती.

तो "छी" मला रात्रभर टोचत राहिला. माझ्या आजोबांनी तो जन्मभर ऐकला होता. मेलेली गुरे ओढण्याचे काम त्यांना जन्माने चिकटले होते. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, स्वाभिमानाने जगा, असे सांगितले. पुढे आजोबांनी ते काम टाकले आणि वडिलांना शाळेत घातले. म्हणून आज मी इथे संगणकासमोर बसतो.

मग मी पुन्हा घाणीत हात का घालावा? विचार केल्यावर उत्तर मिळाले. बाबासाहेबांनी श्रमाला कमी लेखले नाही. जन्मावरून लादलेल्या कामाला आणि त्यामुळे माणसाला हीन ठरवण्याला त्यांनी नकार दिला. मी बादली लपवली, तेव्हा तीच जुनी नजर माझ्या डोळ्यांत होती.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुनीताची कथा आहे. तो राजगृहाचा झाडूवाला. तथागतांना येताना पाहून तो संकोचाने भिंतीला टेकून हात जोडून उभा राहिला. तथागत स्वतः त्याच्याजवळ गेले आणि त्याला संघात घेतले. कचरा उचलणारे हात त्यांना अपवित्र वाटले नाहीत.

आता खताची रीत. बी धरण्याआधीचे नेटल हातमोजे घालून कापा. एक किलो पाल्याला दहा लिटर पाणी घ्या. वर वजन ठेवा, झाकण सैल लावा. तीन-चार आठवड्यांत पाला विरघळतो. गाळून एका भागात दहा भाग पाणी मिसळा आणि पानांवर नव्हे, मुळाशी घाला. नेटलमध्ये नत्र जास्त, म्हणून ते पालेभाजीला चांगले. टोमॅटोला फळ धरू लागले की कॉम्फ्रीच्या पानांचे खत द्या, त्यात पालाश भरपूर असते. उरलेला चोथा कंपोस्टमध्ये टाका.

पहिल्या वर्षी घाईने मी पाणी न मिसळताच ओतले आणि रोपे करपली. चांगली गोष्टही अतिरेकाने मारते. मध्यम मार्ग मला त्या वाफ्याने शिकवला. अनित्यताही तिथेच दिसली: पान कुजते, त्याचेच पुढे फळ होते. यात चमत्कार नाही, कारण आणि परिणाम आहेत.

मी बादली परत कोपऱ्यात आणली. पाहुण्यांना दाखवली आणि आजोबांची गोष्ट मुलीसमोर पहिल्यांदा सांगितली. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिने हातमोजे मागितले.

या वर्षावासात आपणही घरातल्या मुलांना आजी-आजोबांचे काम काय होते ते सांगा. लाज न बाळगता सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!