शेपटीवरचा नंबर

रहाटणीतून भोसरीच्या एका शॉपला जायला लागून मला दुसरं वर्ष होतं. मी क्वालिटीत होतो. एका संध्याकाळी गाडी भरायची घाई होती आणि वीस शाफ्ट कमी पडत होते. शेजारच्या रॅकवर त्याच मापाचे, पण दुसऱ्या हीटचे शाफ्ट पडून होते. "माल तोच आहे रे, नंबर तेवढा मार," असं मला सांगण्यात आलं. मी मारला. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं तर बिघडलं की नाही, हे मला कळायला मार्गच नाही.

हीट नंबर म्हणजे ते पोलाद भट्टीतल्या कुठल्या घाण्यातून आलं त्याची ओळख. उद्या पार्ट तुटला, तर त्या नंबरावरून मागे जाऊन कारण शोधता येतं. मी तो रस्ताच बंद केला होता.

हे सगळं परत वर आलं ते एका विमानामुळे. आपल्या हवाई दलाकडे एक जुनं डाकोटा आहे, नाव 'परशुराम', शेपटीवर नंबर व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन डाकोटा विमानं श्रीनगरला उतरली, त्यांतल्या पहिल्या विमानाचा हा नंबर. राजीव चंद्रशेखर यांनी ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटा उडवायचे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ही भेट स्वीकारली गेली. एप्रिल २०१८ मध्ये ते स्वतःच्या पंखांवर उडत जामनगरला पोचलं.

पण हे ते विमान नाही. ते दुसरंच डाकोटा आहे, त्याच्यावर जुना नंबर रंगवलाय. वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. म्हणजे हवाई दलानेही "नंबर तेवढा मार" म्हटलं?

'मिलिंदप्रश्ना'त भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, मग रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? जू? यांतलं एकही रथ नव्हे. सगळं मिळून जे होतं, त्याला आपण रथ हे नाव देतो. उडणाऱ्या जुन्या विमानाला हा प्रश्न रोजच पडतो. धातू थकतो, त्याला बारीक चिरा जातात, गंज चढतो. रिव्हेट, पत्रा, केबल, रबरी नळ्या बदलाव्याच लागतात. जे विमान मूळ रूपात ठेवायचं, ते उडवता येत नाही. जे उडवायचं, ते मूळ राहत नाही. मग सगळे भाग बदललेल्या डाकोटाला 'खरं' म्हणायचं आणि नंबर बदललेल्याला 'खोटं', हे कसं?

मला उत्तर सापडलं ते एका अपघातात. २ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये 'नाइन-ओ-नाइन' नावाचं बी-१७ बॉम्बर कोसळलं. सात जण गेले. महायुद्धातलं मूळ 'नाइन-ओ-नाइन' केव्हाच भंगारात गेलं होतं. हे त्याचं नाव घेतलेलं दुसरं विमान. हे जगजाहीर होतं, त्या नावामुळे कुणीही मेलं नाही. तपासात पुढे आलं ते वेगळंच: इंजिनांची देखभाल नीट झाली नव्हती. पैसे भरून आत बसलेल्या माणसांनी रंगावर नाही, त्या देखभालीवर जीव टाकला होता.

आपण नातवाला आजोबांचं नाव ठेवतो. नातू म्हणजे आजोबा, असं कुणी समजत नाही. शेपटीवरचा नंबर हे तसं नाव आहे, अट एवढीच की विचारणाऱ्याला खरं सांगायचं. पार्टवरचा नंबर मात्र शब्द असतो. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्या माणसाला दिलेला.

मग उडवावं की नाही? जगात एकच नमुना उरला असेल, तर तो जमिनीवर राहावा असं मला वाटतं; तो पडला तर फक्त आपलं नुकसान होत नाही. बाकीची उडावीत, कारण उडवायचं असलं तरच ती दुरुस्त करणारे हात तयार राहतात. ब्रिटनचं शेवटचं उडतं व्हल्कन बॉम्बर २०१५ मध्ये थांबलं. ते उडण्याजोगं आहे याची जबाबदारी घेणाऱ्या कंपन्या मागे सरल्या होत्या. ते विमान जाणणारी माणसं निवृत्त होत चालली होती. विमान आजही आहे, पण उडत नाही.

पण उडवायचं तर वहीतली प्रत्येक ओळ खरी हवी. वैमानिकाला इतिहासाचा कितीही अभिमान असो, त्याला वर धरून ठेवतो तो कुणीतरी खालच्या हँगरमध्ये खरा लिहिलेला एक आकडा.

ते वीस शाफ्ट कुठल्या गाड्यांत गेले, मला माहीत नाही. काळेवाडी फाट्यावर सिग्नलला थांबलो की शेजारच्या ट्रककडे अजूनही नजर जाते.