बचत कोणाच्या वाट्यातून?

काटकसर ही उत्तम गोष्ट आहे, याविषयी आपल्यात दुमत नाही. उधळपट्टी करणाऱ्यांना दिव्य कुरआनने सैतानाचे बंधू ठरविले आहे (सूरह बनी इस्राईल, आयत २७) आणि दोनच आयतींनंतर हात मानेशी जखडून ठेवण्यासही मनाई केली आहे. मधला मार्ग धरावा, हे आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे. तथापि वाचकहो, या मधल्या मार्गाने चालणाऱ्या घरालाही एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो सहसा विचारला जात नाही. महिनाअखेरीस जे वाचले, ते कोणाच्या वाट्याचे वाचले?

प्रथम काटकसरीला तिचा मान देऊ. प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधत, फाटलेला कपडा स्वतः शिवत, असे ह. आयशा (रजि.) सांगतात. वुजूसाठी त्यांना एक मुद्द पाणी पुरे, म्हणजे आजच्या मापाने लिटरभरही नाही. गुस्लसाठी चार मुद्द, फार तर पाच. हातून पडलेला घास माती झटकून खावा, अशी त्यांची शिकवण होती. ह. मैमूना (रजि.) यांच्या एका आश्रित स्त्रीला सदक्यात मिळालेली शेळी मेली, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की तिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही? मेलेले जनावर खाणे हराम आहे. त्याचे कातडे कमावून वापरणे हराम नाही. घरगृहस्थीचा इतका बारीक विचार धर्मशिक्षणात येतो, याचे मला विद्यार्थिदशेत मोठे नवल वाटे.

आमच्या परंड्यात काटकसर कोणी शिकवावी लागत नाही, अवर्षण ती शिकविते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा उन्हाळ्यांनी आमच्या माता-भगिनींकडून कितीतरी शोध लावून घेतले आहेत. तांदूळ धुतलेले पाणी शेळीच्या घमेल्यात जाते, वुजूचे पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात. चहाचा चोथा धुऊन गुलाबाला घालतात. रमजानमध्ये इफ्तारीच्या कलिंगडाची साल अंगणातील शेळीची इफ्तारी होते. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणी देऊन न्याहारीला येतो आणि ताज्या भाकरीपेक्षा मुलांना तोच अधिक आवडतो. यात कोणाचेही नुकसान नाही; जे वाया जाणार होते, ते कोणाच्या तरी पोटात गेले.

या काटकसरीला उर्दूत आणि आपल्या मराठीतही एक सुरेख शब्द आहे, किफायत. आपण 'किफायतशीर' म्हणतो ते स्वस्त या अर्थाने. मूळ अरबीत मात्र त्या धातूचा अर्थ 'पुरेसे होणे' असा आहे. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ह. हिंद (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) येऊन तक्रार केली की पती अबू सुफियान (रजि.) हात आखडून खर्च करतात, मला व मुलांना पुरेल इतके देत नाहीत. प्रेषितांनी (स.) त्यांना पतीच्या संपत्तीतून स्वतःला व मुलांना पुरेल इतके, रीतीप्रमाणे, घेण्याची मुभा दिली. तेथे 'पुरेल' यासाठी आलेले क्रियापद याच धातूचे आहे. म्हणजे किफायतीचे माप पैशाचे नाही, पोटाचे आहे. ज्याला पुरायला हवे त्याला पुरले का, हे तिथे पाहिले जाते. आता आपल्या घरांत शेवटी कोण जेवते आणि भांड्यात उरलेले कोणाला पुरते, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात पाहावे. अनेक घरांची बचत तिथूनच होते आणि तिला आपण गृहिणीचा सुगरणपणा म्हणतो.

ह. हिंद (रजि.) बोलू शकल्या. घरात असेही जीव आहेत की ज्यांना बोलता येत नाही. एका अन्सारी सहाबींच्या बागेत एक उंट प्रेषितांना (स.) पाहून विव्हळला व त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा त्यांनी मालकाला बोलावून सांगितले की तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवितोस, अशी याची तक्रार आहे (सुनन अबू दाऊद). आपल्या जनावरांची तक्रार ऐकायला तसे कोणी येणार नाही. ती आपल्यालाच ऐकावी लागेल.

मांजराचे उदाहरण घ्या. मांजराला खायला घातले की ते उंदीर धरीत नाही, म्हणून उपाशी ठेवावे, हा आपल्याकडील जुना घरगुती शोध. तो मुळात खरा नाही. शिकार हा मांजराचा स्वभाव आहे. पोट भरलेले मांजरही उंदरावर झडप घालते, उलट उपासमारीने दुबळे झालेले काय धावणार? परंतु तो खरा असता तरी रात्री धान्याच्या खोलीत मांजर कोंडून कडी घालणाऱ्याने ती प्रसिद्ध हदीस आठवावी. एका स्त्रीने मांजर बांधून ठेवले, तिने त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. ते मेले आणि ती शिक्षेस पात्र ठरली. दोष मांजर पाळण्यात नव्हता. मोकळे सोडले असते, तरी ती सुटली असती. याउलट ह. अबू कतादा (रजि.) यांचे वर्तन पाहा. त्यांच्यासाठी सुनेने वुजूचे पाणी ठेवले होते. मांजर प्यायला आले, तेव्हा त्यांनी भांडे त्याच्यासाठी कलते केले. सून चकित होऊन पाहू लागली, तेव्हा त्यांनी प्रेषितांचे (स.) वचन सांगितले की मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे.

परंड्याचे नाव निघाले की बाहेरच्यांना भुईकोट किल्ला आठवतो आणि येथून विजापूरला नेलेली मुलूखमैदान तोफ. गरिबाच्या घराला मात्र आधार दिला तो या भागातल्या काळ्या शेळीने. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, शेळी अजून उस्मानाबादीच आहे. कोरड्या रानातील पाल्यावर ती तगते आणि पुष्कळदा जुळी करडे देते. अडचण इथेच आहे. दूध बेताचे, करडे दोन आणि घरात चहा तर सर्वांना हवा. सवादा बिन रबीअ (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले होते की घरच्यांना पिलांना नीट खाऊपिऊ घालण्यास सांग आणि सडांना ओरखडे जाऊ नयेत म्हणून नखे कापण्यास सांग (मुस्नद अहमद). फुकहांनी यावरूनच दूध काढण्याची मर्यादा सांगितली की पिलाची भूक भागून उरेल तेवढेच काढावे. विशेषतः व्याल्यानंतरचा पहिला चीक हा करडाचाच. तो पहिल्या काही तासांत पोटात गेला नाही तर करडू रोगाला बळी पडते. ज्या दिवशी चहा कोरा प्यावा लागेल त्या दिवशी तो कोरा प्यावा.

उरलेले अन्न शेळीला घालण्यातही विवेक हवा. लग्नातला आंबलेला भात पाटीभर ओतला की पोट फुगून, आम्लता होऊन जनावर दगावते. बुरशी आलेली भाकरी तिच्यापुढे टाकून सदका केल्याचे समाधान मानणाऱ्याने सूरह बकराची २६७ वी आयत वाचावी. स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही असे निकृष्ट दान देऊ नये, असे तिथे सांगितले आहे.

सर्वांत अवघड प्रश्न म्हाताऱ्या शेळीचा. ती आता विणार नाही, दूध नाही, कडबा महाग. मग तिचा चारा निम्मा केला तर काय बिघडले? इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह., मृत्यू इ. स. १२६२) यांनी माणसावरील जनावरांचे हक्क सांगताना लिहिले आहे की जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले, तरी त्याच्या पोषणाचा खर्च मालकावर आहे. हनफी फिकहमध्ये काजीने मालकावर सक्ती करावी की नाही याविषयी मतभेद आहे, इमाम अबू यूसुफ (रह.) सक्ती करावी म्हणतात. मात्र अल्लाहपाशी मालक उत्तरदायी आहे, याविषयी मतभेद नाही. यावर कोणी म्हणेल, घरात मुलांनाच पुरत नाही तेथे शेळीला कोठून? प्रश्न रास्त आहे. माणसाचा हक्क आधीच आहे. म्हणूनच शरीअतने गरिबाला कोंडीत धरलेले नाही. पोसणे शक्य नसेल तर शेळी विकावी, किंवा जबह करून खावी, यात काहीही गैर नाही. दावणीला बांधून अर्धपोटी ठेवणे, एवढेच तेवढे वर्ज्य आहे. बाजार आठ दिवसांवर असेल तर त्या आठ दिवसांचे वैरण-पाणी तिचे आहे. आणि विकताना, ती आता विणार नाही हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. त्यामुळे भाव चारशे रुपयांनी पडला तरी.