आजार दुर्मिळ, लक्षण रोजचे

तान्ह्या मुलाच्या मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, शस्त्रक्रियेने बंद केल्याची बातमी आली की आपली चर्चा ठरल्या वाटेने जाते. काहीजण यंत्राचे आणि डॉक्टरांचे कौतुक करतात. त्याने कुणाचे बिघडत नाही. सरसकट सगळ्या बाळांचे एमआरआय करा, ही सूचना विचारात घेण्याजोगी नाही. तिसरे मत मात्र शहाणपणाचे वाटते, आणि म्हणूनच ते खोडून काढले पाहिजे: असे आजार इतके विरळ की ते चेन्नईसारख्या महानगरांनी पाहावेत, तंजावरसारख्या जिल्ह्याने आपला पैसा न्यूमोनिया, जुलाब आणि कमी वजनाच्या बाळांवरच खर्चावा.

या मतातला विरळपणाचा मुद्दा खरा आहे. अॅन्युरिझमच्या एकूण रुग्णांत मुले ५ टक्क्यांहूनही कमी, आणि तान्ही तर त्यातही मोजकी. पण मूल दवाखान्यात येते तेव्हा आजाराचे नाव त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. त्याला झटका आलेला असतो, उलट्या होत असतात, रडणे थांबत नसते आणि मग गुंगी चढते. मोठा माणूस निदान सांगू तरी शकतो की असे डोके आयुष्यात दुखले नव्हते. बाळाची हीच लक्षणे मेंदूज्वरात दिसतात, डोक्याला मार लागून झालेल्या रक्तस्रावात दिसतात, आणि जन्मल्यावर व्हिटॅमिन केचे इंजेक्शन राहून गेलेल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या मेंदूत रक्त उतरले तरी दिसतात. यांसाठी जिल्ह्याला तयार राहावेच लागते. तेव्हा आजाराची दुर्मिळता आणि लक्षणाची दुर्मिळता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत. खर्चाचा हिशेब लक्षणावरून मांडला, की त्या विरळ आजारासाठी वेगळे असे फारसे काही मागावे लागत नाही.

मागायचे आहे ते अगदी साधे. बाळ शांत असताना त्याला उभे धरून टाळूवर बोटे ठेवायची, ती फुगून ताठ झाली आहे का पाहायचे. मोजपट्टीने डोक्याचा घेर घ्यायचा. कवटीचे सांधे अजून जुळलेले नसल्याने ती आतला ताण काही काळ सामावून घेते आणि धोका उशिरा उघडा पडतो. सीटी स्कॅनमध्ये बहुधा रक्त दिसते. ते दिसले नाही म्हणून, ताण वाढलेला नसल्याची खात्री करून, मणक्यातले पाणी काढले आणि ते लाल आले, तर सुई लागली असेल म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. पाणी लागोपाठ तीन नळ्यांत घ्यावे: सुईने आलेले रक्त सहसा नळीगणिक फिके होत जाते, मेंदूभोवती साचलेले तिन्हींत जवळपास सारखेच उतरते. फुग्याला क्लिप लावणे किंवा आत कॉइल भरणे हे मोठ्या केंद्राचे काम, पण मूल तिथे वेळेत पोचते की नाही हे या नळ्यांपाशी ठरते. यावर आक्षेप येईल की शंका वाढली की स्कॅन वाढतील आणि कोवळ्या मेंदूला किरणोत्सर्ग सोसावा लागेल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच स्कॅन उलटी झालेल्या प्रत्येक बाळाचा करायचा नाही, झटक्यासोबत गुंगी किंवा ताठ टाळू असेल त्याचा करायचा.

आणखी एक मागणी नीट नोंदीची, आणि तीत तंजावरला परके असे काही नाही. १७९८ ते १८३२ राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. एकेका रुग्णाचा डोळा रेखाटून ठेवण्याची ती शिस्त विरळ आजाराला सर्वांत जास्त लागते, कारण एका डॉक्टरच्या हयातीत असा रुग्ण कदाचित एकदाच येतो. अनुभव साठतो तो कागदावरच. मुलांतले काही अॅन्युरिझम हृदयाच्या झडपेवरील जंतुसंसर्गातून होतात: तिथली गुठळी मेंदूच्या धमनीत जाऊन अडकते आणि धमनीची भिंत कुजवते. अशा मुलाच्या चिठ्ठीवर नुसते 'झटके, पुढे पाठवले' एवढेच लिहिले, तर आठवडाभराचा ताप आणि हृदयाच्या ठोक्यांतला जादा आवाज गावातच राहतो, आणि मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरला तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.