‘छान होता’ म्हणण्यापूर्वी



खरे बोलावे, हे आपण लहानपणी घरातच शिकलो. कुणाचे मन दुखवू नये, हेही त्याच घरात शिकलो. एरवी ह्या दोन शिकवणी गुण्यागोविंदाने नांदतात. पण कधीकधी अगदी क्षुल्लक प्रसंगी त्यांची टक्कर होते आणि कोणती पाळावी हे कळेनासे होते.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात ती आपल्याकडेही येते. ह्या हंगामात घराजवळच्या बेकरीत स्ट्रॉबेरीचा ‘पाय’ विकायला ठेवला होता. नाव ऐकून हसू येते, पण पाय म्हणजे मैद्याच्या पारीत फळांचे सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. मी एक घरी नेला. सारण आंबटगोड, चवदार होते. खालची पारी मात्र ओलीच राहिली होती. पायचा पायाच कच्चा! दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले, तेव्हा बेकरीवाल्या बाईंनी उत्सुकतेने विचारले, “आंटी, पाय कसा लागला?”

‘छान होता’ हे उत्तर अशा वेळी जिभेवर तयारच असते. त्यात कुणाचे काय बिघडते?

संत ऑगस्टीन यांनी सुमारे इ.स. ३९५ मध्ये खोटे बोलण्याविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चांगल्या हेतूनेही खोटे बोलू नये, असे त्यांचे ठाम मत होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खोट्याचे तीन प्रकार केले: थट्टेतले, कुणाच्या उपयोगी पडावे म्हणून बोललेले आणि अपाय करण्यासाठी बोललेले. पहिले दोन त्यांनी सौम्य मानले, तरी निर्दोष मानले नाहीत.

आपले ‘छान’ दुसऱ्या प्रकारातले, असे आपण समजतो. पण त्यात भले कुणाचे होते? अवघडलेपण टळते ते आपले. गिऱ्हाईक हसून ‘छान’ म्हणते आणि पुन्हा तो पदार्थ घेत नाही. माल उरतो, आणि का उरला हे कुणी सांगत नाही. लोणी, साखर आणि पहाटेची मेहनत मात्र त्या बाईंच्या पदरची जाते.

शिवाय हा दोष सुधारण्याजोगा आहे. स्ट्रॉबेरीत सुमारे ९० टक्के पाणी असते. भाजताना ते सुटते आणि पारी भिजते. म्हणून जाणकार पारी आधी नुसतीच भाजून घेतात, सारणात कॉर्नफ्लोअर घालतात आणि पाय पूर्ण निवल्यावरच कापतात.

दुकानात दुसरे कुणी नव्हते. मी म्हटले, “सारण फार आवडले. खालची पारी तेवढी ओली राहिली होती.” बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. सगळे छानच म्हणतात.”

प्रत्येक सत्य बोलून दाखवलेच पाहिजे असे नाही. न विचारता दोष काढणे, चारचौघांत बोलणे किंवा शेजारणीला सांगून मोकळे होणे, ह्याला सत्यप्रेम म्हणत नाहीत. गप्प राहण्याची मुभाही आपल्याला आहे. पण जो मनापासून विचारतो त्याला खरे उत्तर मिळण्याचा हक्क आहे. ते एकांतात, गोड शब्दांत आणि गुणांपासून सुरुवात करून द्यावे.

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर फादरांनी “प्रवचन कसे झाले?” असे विचारले, तर आपण काय सांगणार आहोत?