चवदार तळे आणि आपली शांती

कापड्याहून पोलादपूरमार्गे महाडला गेले, की पावले चवदार तळ्याकडे वळल्यावाचून राहत नाहीत. काठावर उभे असता एक प्रश्न मनाला टोचत राहतो : २० मार्च १९२७ च्या आदल्या दिवशी या गावात शांतता होती काय?

वरवर पाहता होती. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीरही केले होते. तरीही अस्पृश्य मानलेला माणूस तेथे ओंजळ भरावयास धजत नव्हता. अन्यधर्मीयांना मज्जाव नव्हता, म्हणजे तुम्हाआम्हालाही नसता, हे आपण ध्यानी घ्यावे.

नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली अशा स्थितीला 'संरचनात्मक हिंसा' असे नाव दिले. येथे मारणारा हात दिसत नाही; व्यवस्थाच माणसाला दडपून ठेवते. मारामारी नसणे ही त्यांच्या मते केवळ नकारात्मक शांती होय. न्याय नांदू लागला म्हणजे ती सकारात्मक होते. ख्रिस्तसभेला हा विचार परका नाही. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ च्या 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात शांतीची उभारणी सत्य, न्याय, प्रेम आणि स्वातंत्र्य यांवर केली आहे. पण आपल्याच घरात, दक्षिणेतील काही धर्मग्रामांत, दलित ख्रिस्ती बांधवांची दफनभूमीही वेगळी राहिली, हे झाकून कसे चालेल?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या दिवशी परिषदेतील लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवणाऱ्यांवर, गावी परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. परिषदेस आलेल्यांत सैन्यात नोकरी केलेले गडी होते. उलट हात उगारणे त्यांना अवघड नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. नंतर तळ्याची 'शुद्धी' झाली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि वाद न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. (त्या पीठावरील न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनीच १९२२ साली गांधीजींना कारावास सुनावला होता!)

मग शांतता कोणी मोडली? पाणी पिणाऱ्यांनी, असे त्या काळी अनेक सज्जनांना वाटले. त्यांना दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही, कारण मीही तेच केले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धर्मग्रामातील एका मजुराचे त्याच्या मालकाशी थकलेल्या मजुरीवरून भांडण झाले. दोघेही आपलेच. मी दोघांना बोलाविले, क्षमेवर चार शब्द सांगितले आणि हस्तांदोलन करविले. तंटा मिटला. मजुरी मात्र थकलेलीच राहिली, आणि त्याविषयी मी चकार शब्द काढला नव्हता. त्यानंतर मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली, की तो मजूर हात जोडी, पण मान वर करीत नसे. मी ते पाहत होतो, आणि पुढची प्रार्थना म्हणत होतो.

गेल्या महिन्यात मी त्या मालकाच्या घरी पुन्हा गेलो. या खेपेस क्षमेविषयी बोललो नाही, हिशेबाविषयी बोललो. भेट सुखाची झाली नाही. चहाही अर्धाच राहिला.